घरी भरलेला बार

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

माझा एक पुतण्या अमेरिकेत, टेक्ससमध्ये असतो. मागे दिवाळीला तो मूर्तिजापूरला आला होता. तिकडे त्याला नेमबाजीचा नाद लागला आहे. नुसता नेमबाजीचा नाही, तर सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये बसून वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्याचाही. भाऊबीज आटोपल्यावर आम्ही माळ्यावरची जुनी पेटी आवरायला घेतली, तेव्हा माझ्या आजोबांची हिशेबाची वही त्याच्या हाती लागली. एका पानावर चार रकाने होते. दारू, टोप्या, शिसं आणि चिंध्या. पहिल्या तीन रकान्यांत आणे-पैसे मांडलेले, चिंध्यांपुढे मात्र दरवेळी पूज्य.

पुतण्या खूश झाला. म्हणाला, "काका, मी करतो तेच पणजोबा करत होते! घरी भरलेलं स्वस्त पडतं, हे त्यांनाही ठाऊक होतं." आणि मग सहज विचारलं, "आज इथं परवडेल का हो?"

प्रश्न सहज होता, पण मला त्याचं उत्तर लगेच देता आलं नाही. ते शोधताना थोडा इतिहास चाळावा लागला, आणि त्याच वहीतलं आणखी एक पानही उलटावं लागलं. आज तुमच्याशी त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमचं शेत मूर्तिजापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्याच्या कडेला. कापूस, ज्वारी, तूर, मूग. रात्री रानडुकरं, पहाटे रोही. रोही म्हणजे नीलगाय. त्यामुळे जागलीला गेल्याशिवाय पीक घरात येत नसे. याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गाडगेबाबांचं बालपण गेलं, आणि गुरं राखणं, शेत राखणं हेच त्या वयातलं त्यांचं काम होतं. राखणदाराचं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे गोफण. तिचा दारूगोळा शेतातच पडलेला असतो आणि फेकलेलं ढेकूळ पुन्हा शेतातच पडतं. खर्चाच्या बाबतीत गोफणीला आजवर कुणी हरवलेलं नाही!

आजोबांकडे मात्र बंदूक होती. एकनळी, ठासणीची. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. ठासणीची बंदूक नळीच्या तोंडाकडून भरतात. आधी म्हशीच्या शिंगातली दारू मापानं ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग शिसं, पुन्हा बोळा, आणि हे सगळं गजानं ठासायचं. शेवटी मागच्या बाजूला छोट्या नळकांड्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. आपण मराठीत "ठासून सांगतो", कुणाचा बेत "फुसका बार" ठरतो, ते ऐकलं की मला हीच बंदूक आठवते. काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण ठासणी आपली.

आजोबांच्या हिशेबी स्वभावाला ही बंदूक फार मानवली होती. बोळ्याला जुनी लुगडी, फाटकी धोतरं. शिसं तर ते परत मिळवत. पोळ्यानंतर बांधावरच्या एका वठलेल्या बाभळीवर नेम धरून ते बंदूक तपासायचे, आणि आम्ही पोरं खुरपीनं खोडातलं शिसं उकरून काढायचो. ते लोखंडी पळीत वितळवून साच्यात ओतायचं. एक शेर शिशात साधारण २९ बार, हा आजोबांचा ठोकताळा. मी पुढे तो पडताळून पाहिला. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जेवढी जाड, तेवढी नळी. अशा बंदुकीच्या नेहमीच्या काडतुसात ३२ ग्रॅमच्या आसपास छर्रे असतात, म्हणजे पावणेतीन तोळे. ऐंशी तोळ्यांचा शेर धरला तर आजोबांचे २९ बार बरोबर येतात. शिशाचा धूर लहान मुलांना किती घातक असतो, हे मात्र तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. आम्ही चुलीभोवती कोंडाळं करून बसायचो.

आता थोडं मागे जाऊ. बार आपला आपण भरायचा, ही कित्येक शतकं साऱ्या जगाची रीत होती. आमच्या अकोला जिल्ह्यात नरनाळा किल्ल्यावर नऊगजी तोफ आहे. तिच्याजवळ उभं राहिलं की पहिला विचार येतो तो तिच्या पोटात किती दारू जात असेल याचा. ती दारू साठवणं हीच मोठी जोखीम होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या प्रकरणात याबद्दल स्पष्ट ताकीद आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, आणि हवालदारानं आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावं. पावसाळी मुलखात दारूचा पहिला शत्रू ओल, हे स्वराज्याचा कारभार केलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे सैन्याच्या सोयीसाठी एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळून ठेवायला सुरुवात झाली. हेच कागदी काडतूस. शिपायानं ते दातानं फोडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. १८५७ साली एनफिल्ड रायफलच्या काडतुसांवरून काय झालं, ते आपण शाळेत शिकलो. कागदाला लावलेली चरबी गाईची की डुकराची, हा तो प्रश्न. पण त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. असंतोष दिसताच अधिकाऱ्यांनी शिपायांना स्वतःच्या हातानं मेण आणि तेल लावण्याची मुभा देऊ केली होती. तोवर उशीर झाला होता. दुसऱ्यानं भरलेल्या काडतुसात काय आहे, यावरचा विश्वास उडाला की स्वस्त-महाग हा प्रश्नच उरत नाही, हे त्या वर्षानं दाखवून दिलं.

तांब्याची टोपी याच शतकातली. अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मगुरूनं १८०७ मध्ये आघातानं पेट घेणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे टोपी आली. मग १८६० च्या दशकात टोपी, दारू, गोळी सगळं एकाच पुंगळीत बसवलेलं आजच्यासारखं काडतूस रूढ झालं. आणि तिथंच आपल्या आजच्या प्रश्नाचा जन्म झाला. कारण बार उडाल्यावर पितळेची पुंगळी मागे उरते. ती फेकायची की पुन्हा भरायची?

हिंदुस्थानात शिकारीला हिंडणारे साहेब लोक ती पुन्हा भरत. विलायतेहून जहाजानं काडतुसं यायला लागणारा वेळ आणि वाटेतली दमट हवा पाहता ते स्वाभाविकच होतं. त्यांच्या सामानात जळलेली टोपी काढायचं, नवी बसवायचं आणि पुंगळीचं तोंड वळवायचं अशी छोटी यंत्रं असत. आपल्या शेतकऱ्याला ती चैन नव्हती. त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती, आणि तीही असलीच तर परवान्यावर. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं आणि १८५३ पासून कारभाराला इंग्रजांचं. इथंही बंदूक ही सरकारदरबारी मागण्याची गोष्ट झाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९६२ पासून लागू झाला. पीक राखण्यासाठी वेगळा परवाना मिळत राहिला. वर्षाला किती दारू, किती काडतुसं घ्यायची, याचा आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो. आणि परवान्याशिवाय काडतूस किंवा दारू घरी तयार करणं हा गुन्हा आहे, तेव्हाही होता आणि आजही आहे.

इकडे काडतुसं कारखान्यात तयार होऊ लागली होती. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. 'शक्तिमान' नावाची बारा बोअरची काडतुसं पुढे अनेक शेतकऱ्यांच्या घरी पोचली, ती याच खडकीची. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६० च्या दशकातला, तो सैन्याच्या रायफलींसाठी. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सरकारी कंपन्या झाल्या, आणि हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेले.

आता वहीतलं दुसरं पान.

साल १९६८. भादवा होता. ज्वारी निसवली होती आणि झड लागली होती. मी तेव्हा सातवीत. आजोबांबरोबर माळ्यावर जागलीला जाण्याचा मला भारी सोस. मध्यरात्री बांधाकडून खसफस ऐकू आली. आजोबांनी बंदूक उचलली, घोडा ओढला. टक्‌ एवढाच आवाज. बार नाही. दारूनं ओल धरली होती. आज्ञापत्रातलं ऊन आमच्या शिंगाला महिनाभर मिळालं नव्हतं! आजोबांनी क्षणभर वाट पाहिली आणि टोपी बदलायला बंदूक खाली घेतली. नेमका तेव्हा आत धुमसत असलेला बार उडाला. शिसं मातीत गेलं, पण मागच्या भडक्यानं आजोबांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला आणि भिवया जळाल्या. डोळे वाचले, ते केवळ त्यांनी मान वळवली होती म्हणून. मी तोंडातून आवाजही काढू शकलो नाही. तेच मला म्हणाले, "भेऊ नोको बाप्पा, कंदील इकडं धर."

हात बरा व्हायला दीड महिना लागला. ऐन निंदण-डवरणाच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस बसून. दिवसा एक गडी लावावा लागला, रात्रीला एक जागल्या. अकोल्याच्या दवाखान्याच्या खेपा वेगळ्या. आजोबांनी हा सगळा खर्च वहीत लिहिला आहे. पै न पै लिहिली आहे. पण बंदुकीच्या पानावर नाही. तो 'दवाखाना व मजुरी' या पानावर आहे. मी दोन्ही पानांची बेरीज केली. बंदुकीच्या पानावर सात वर्षांत जेवढा खर्च झाला होता, त्याहून जास्त त्या एका महिना-दीड महिन्यात झाला होता.

पुतण्याला मी हे दुसरं पान दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं प्रामाणिकपणे आपला हिशेब सांगितला, तोही ऐकण्यासारखा आहे.

अमेरिकेत घरी काडतुसं भरण्याचा छंद फोफावला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारकडे दारूचा प्रचंड साठा उरला होता. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन यांनी तो विकत घेऊन किरकोळीत विकायला सुरुवात केली, आणि घरोघरी भरणीची यंत्रं बसली. रायफलच्या काडतुसाचे भाग चार. पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. यात पितळेची पुंगळी महागाची, आणि तीच पुन्हा वापरता येते. म्हणून मोठ्या रायफलीच्या, कमी खपणाऱ्या काडतुसांत आजही चांगली बचत होते. छर्ऱ्याच्या बंदुकीचं गणित उलटं. तिथं खर्चाचा मोठा भाग शिशाचा, आणि ते तर उडूनच जातं. या शतकाच्या पहिल्या दशकात शिसं महागलं, आणि कारखाने मात्र साधी बारा बोअरची काडतुसं लाखांनी काढून स्वस्त विकत राहिले. त्यामुळे बारा बोअरमध्ये घरच्या भरणीचा फायदा जवळजवळ संपला. करोनाच्या काळात २०२० नंतर तर टोप्याच बाजारातून गायब झाल्या होत्या. पुतण्या हसत म्हणाला, "खरं सांगू काका? माझे पैसे वाचत नाहीत. तेवढ्याच पैशात बार जास्त होतात, इतकंच. आणि माझे तास मी धरतच नाही, कारण मला त्यात मजा येते."

मला वाटतं, सगळं मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. घरी भरलेला बार स्वस्त पडतो, पण त्याला दोन अटी आहेत. एक, बार पुष्कळ उडवायचे असले पाहिजेत, म्हणजे यंत्राची किंमत त्यांच्यावर वाटली जाते. दुसरी, स्वतःचे तास फुकट धरता आले पाहिजेत. वऱ्हाडातल्या जागलकऱ्याला दोन्ही अटी लागू पडत नाहीत. त्याचे वर्षाचे बार थोडेच असतात. आणि त्याच्या तासांना मोल आहे, कारण रात्रभर जागलेला माणूस सकाळी औताला जुंपायचा असतो.

आपल्याकडे नेमबाजीचा खेळ तरी कुठं आहे, असं कुणी म्हणेल. आहे ना! कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. पण त्याची पॉइंट बावीसची काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत. त्यांच्यात वेगळी टोपी नसते, पेट घेणारं रसायन पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं, आणि घोड्याच्या आघातानं तो काठ चेपतो. दहा मीटरच्या एअर रायफलीला तर दारूच लागत नाही. म्हणजे आपल्या बहुतेक नेमबाजांपुढे हा प्रश्नच येत नाही.

आमच्या घरी पुढे काय झालं, तेही सांगतो. वडिलांनी ठासणीची बंदूक परवान्यावरून उतरवली आणि बारा बोअरची एकनळी घेतली. रिकाम्या पुंगळ्या ते डब्यात जपून ठेवत. शेवटी तेही आजोबांचेच चिरंजीव! एकदा बाजारात कुणीतरी हळूच विचारलं, "पुंगळ्या आणा, निम्म्या पैशात भरून देतो." वडिलांनी घरी येऊन सगळा डबा भंगारात दिला. मोह ठेवायला नको म्हणून.

बाराचा उपयोगही हळूहळू बदलत गेला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार बंद झाली. ते योग्यच झालं, कारण पीक राखायच्या नावाखाली काय काय मारलं जाई, ते आम्हीही पाहिलं आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारनं पिकांचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांबाबत वनाधिकाऱ्यांच्या परवानगीनं मारण्याची वाट काढली. पण परवानगीवाचून बंदूक ही फक्त आवाजाची. त्यात विधानसभेची निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची. आणि आपल्याकडे ही निवडणूक येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे ज्वारी-सोयाबीन घरी यायच्या आणि तूर फुलायच्या दिवसांत. डुकरांना आचारसंहिता नसते!

मग माणसं दुसरे स्वस्त उपाय शोधतात. कुणी तारेत वीज सोडतो आणि त्यात एखाद्या रात्री शेजारच्याच शेतकऱ्याचा जीव जातो. कुणी प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून आवाज काढतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळकडे अशा पाइपबंदुकांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. या बातम्या वाचल्या की मला माळ्यावरची ती रात्र आठवते. घरच्या घरी बनवलेल्या बाराची किंमत हातानं किंवा डोळ्यानं चुकवावी लागली, तर ती कोणत्या पानावर लिहायची?

वडील गेल्यावर बंदूक माझ्या नावावर करायची की नाही, हा प्रश्न आला. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली आहे, तेवढा एक त्रास कमी. मी आठवडाभर विचार केला आणि सोडून दिलं. शेताला झटका मशीन बसवली, सौर पॅनलवरची. कुंपणातल्या झटक्यानं जनावर मागे फिरतं, मरत नाही. जागल पूर्ण सुटली असं मी म्हणणार नाही. मशीनच्या तारेवर गवत वाढलं की तिचा जोर कमी होतो, आणि रोही मोठी उडी मारतो. पण आता रात्रीत एक फेरी पुरते.

एकदा मी आजोबांना विचारलं होतं, "आबाजी, तुमचा नेम तर लागत नाही, मग बंदूक कशाला?" ते म्हणाले, "अबे, हे बंदूक डुकराले मारासाठी नाही. मले जागं ठेवासाठी हाये." तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, वहीत एक पाचवा रकाना हवा होता, रात्रींचा. तो त्यांनी कधी आखला नाही, कारण आपल्या झोपेची किंमत शेतकरी धरत नाही. बाजारात त्याचा माल स्वस्त जातो, त्यामागेही हेच कारण असेल.

पुतण्या परत गेला. जाताना वहीच्या त्या दोन्ही पानांचे फोटो काढून घेऊन गेला. वही पेटीत ठेवण्याआधी मी बंदुकीचं पान आणि दवाखान्याचं पान टाचणीनं जोडून ठेवलं आहे. पुढच्या कुणी उघडली, तर दोन्ही एकत्र वाचावीत.